मारिएन्थालची मोजणी

हातात रिकामा वेळ भरपूर असला, तर माणसं जास्त वाचतील का? व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी १९३०पर्यंत बंद पडली आणि जवळजवळ सारं गाव बेकार झालं. १९३१च्या अखेरीस मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांचे सहकारी तिथे अभ्यासाला लागले. किती लोक बेकार, हे मोजता येत होतंच. पण बेकारी माणसाचं काय करते, हे त्या आकड्यात दिसत नव्हतं. आणि नुसती प्रश्नावली घेऊन दारात उभं राहिलं, तर गांजलेली माणसं मन कशाला मोकळं करतील? म्हणून त्यांनी ठरवलं, गावाच्या उपयोगी पडूनच निरीक्षण करायचं. त्यांनी कपडे वाटले, शिवणवर्ग चालवला, मोफत वैद्यकीय तपासणी केली. त्यातून घरोघरी बोलणं झालं. जोडीला वाचनालयाच्या नोंदी पाहिल्या, रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेग नकळत मोजला. वाचन घटलं होतं! पुरुष रेंगाळत चालत. घरकामाला बांधलेल्या बायका भराभर.

हा अभ्यास १९३३मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत ठरवली प्रश्नाने आणि समोरच्या माणसांच्या परिस्थितीने. मात्र लोकांना न सांगता त्यांची चाल मोजणं योग्य होतं का? वर्गात विचारून पाहा.