चहा, कॉफी आणि सोंवळें

चहा कसा घ्यावा याविषयीं दोन मराठी माणसांचें एकमत होणें कठीण. एकास आलें हवें, दुसऱ्यास वेलदोडा; एकास गवती चहाच्या पातीवांचून गोडी वाटत नाहीं, तर दुसरा पातीचें नांव काढतांच नाक मुरडतो. कोणी बशींत ओतून पितो, कोणी बशीला तोंड लावणें गांवढळपणाचें समजतो. कॉफींत जायफळ किसून घालावें कीं नाहीं यावरून सख्ख्या भावांत वाद झालेले मीं ऐकले आहेत. माझ्यापुरतें सांगावयाचें तर सकाळीं आल्याचा चहा आणि पाहुणे आले असतां जायफळ घातलेली कॉफी, हा क्रम शाळेंतून निवृत्त झाल्यावरहि चुकलेला नाहीं. अशा बाबतींत ज्याची त्याची रुचि हाच कायदा.

परंतु मराठी मुलखांतील चहाचा इतिहास पाहूं गेल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. चहा कसा झाला आहे यापेक्षां तो कोणीं केला, कोणाच्या पाण्याचा केला आणि कोणाच्या शेजारीं बसून घेतला, याचीच चर्चा येथें फार दिवस चालली. आज त्याच इतिहासाचीं कांहीं पानें आपणांपुढें ठेवावयाचीं आहेत.

चहाचें माहेर चीन देश, हें सर्वांस ठाऊक आहे. जगांतील बहुतेक भाषांत त्याचीं दोनच नांवें आढळतात. खुष्कीच्या मार्गानें इराण-तुर्कस्तानाकडे आणि मकाव बंदरांतून पोर्तुगिजांकडे जें नांव गेलें तें 'चा'. अमॉयच्या बाजूस डच व्यापाऱ्यांनीं जें ऐकलें तें 'ते', आणि त्यावरून इंग्रजांचा 'टी' झाला. आपला 'चहा' पहिल्या घराण्यांतला आहे.

चहा इंग्रजांनीं आपणांस शिकविला ही समजूत सर्वांशीं खरी नाहीं. मांडेल्स्लो नांवाचा जर्मन प्रवासी इ. स. १६३८ मध्यें सुरतेस आला होता. तेथील रोजच्या बैठकींत चहा घेतला जाई आणि पोट साफ ठेवणारें औषध म्हणून युरोपीय व्यापारी तो घेत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें इ. स. १६८९ मध्यें ओव्हिंग्टन हा पाद्री सुरतेंत आला. तेथील वाणी लोक चहांत खडीसाखर घालीत, कधीं मुरविलेलें लिंबू घालीत, आणि डोकेदुखी किंवा पोटदुखी असल्यास गरम मसाल्याबरोबर तो घेत, हें त्यानें पाहिलें. म्हणजे आपण ज्यास मसाल्याचा चहा म्हणतों त्याचे पूर्वज तीन शतकांहून अधिक जुने आहेत.

कॉफीचाहि प्रवेश जुनाच. सर टॉमस रो याजबरोबर असलेला पाद्री एडवर्ड टेरी इ. स. १६१६ च्या सुमारास या देशांत आला. धर्मनिष्ठ माणसें मद्य वर्ज्य करून एका काळ्या बीचा काढा पितात, असें त्याच्या वर्णनांत आहे. दक्षिणेंत कॉफीची लागवड कशी सुरू झाली याविषयीं परंपरागत कथा अशी कीं, बाबा बुदन या फकिरानें मक्केच्या यात्रेहून परततांना मोखा बंदरांतून सात बिया लपवून आणिल्या आणि म्हैसूर मुलखांतील चिकमगळूरच्या डोंगरांत पेरल्या. त्या डोंगरास आजहि त्याचेंच नांव आहे.

इंग्लंडांत चहाची आवड वाढली तिचा आपल्या मुंबईशीं मोठा गमतीचा संबंध आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा विवाह इ. स. १६६२ मध्यें इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशीं झाला. मुंबई बेट हिच्याच आंदणांत गेलें. या राणीस चहाचें वेड होतें, आणि तिच्यामुळें चहा पिणें ही इंग्रज दरबारांतील प्रतिष्ठेची गोष्ट झाली. पुढें चीनचा चहा विकत घेतां घेतां इंग्रजांची चांदी बाहेर जाऊं लागली, तेव्हां हें झाड आपल्याच राज्यांत कोठें मिळेल याचा शोध सुरू झाला. आसामांतील सिंगफो लोक चहाची पानें पूर्वीपासून वापरीत असत. रॉबर्ट ब्रूस यास इ. स. १८२३ मध्यें त्याचा पत्ता लागला. इ. स. १८३४ मध्यें सरकारनें चहाकरितां समिति नेमिली, आणि इ. स. १८३९ च्या जानेवारींत आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनांत झाला. सिलोनांत इ. स. १८६९ पासून कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला. मळे उजाड झाले, आणि त्या बेटानेंहि चहाच धरला. एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच हिंदुस्थानचा चहा इंग्लंडच्या बाजारांत चीनच्या चहाच्या पुढें गेला.

पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत चहा याच शतकांत शिरला. मात्र येथें एक अडचण होती. आमच्या सोंवळ्या-ओंवळ्याच्या नियमांत फळ चालत असे, दूध चालत असे. पण पाण्यांत शिजविलेलें अन्न परक्या हातचें चालत नसे. चहा तर सगळा पाण्याचाच. त्याबरोबर बिस्कीट आलें म्हणजे बेकरीच्या पावाचा प्रश्न निराळाच. हा वाद इ. स. १८९० मध्यें पुण्यांत पेटला, आणि त्यांत महाराष्ट्रांतील थोर माणसें सांपडलीं.

त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत पुण्याच्या पांच हौद मिशनमध्यें एका व्याख्यानास शहरांतील अनेक प्रतिष्ठित गृहस्थ जमले होते. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. व्याख्यान झाल्यावर मिशनच्या मंडळींनीं चहा-बिस्किटें पुढें केलीं. कोणी घेतलीं, कोणी शिष्टाचारापुरता पेला हातीं घेऊन खालीं ठेविला. गोष्ट तेथेंच संपावयाची. पण या बैठकीमागें गोपाळराव जोशी होते. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे हे पति. स्वभावानें मोठे विक्षिप्त. सुधारक किती पाण्यांत आहेत आणि सनातनी काय करतात, हें पाहण्याची त्यांस हौस. थोड्याच दिवसांत हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणेवैभव' पत्रांत छापून आलीं आणि सगळें पुणें हादरलें.

प्रकरण शंकराचार्यांकडे गेलें. चौकशीस दोन शास्त्र्यांचें मंडळ नेमण्यांत आलें. चहा प्याल्याबद्दल वाद-प्रतिवाद झाले, धर्मग्रंथांतील वचनें काढण्यांत आलीं. टिळकांनीं शास्त्राधारानें आपली बाजू मांडली आणि काशीस आपण प्रायश्चित्त घेतलें असल्याचें सांगितलें. ज्यांनीं प्रायश्चित्त घेतलें नाहीं त्यांच्या घरीं भटजी येईनासे झाले. हा त्रास आज आपणांस हंसण्यासारखा वाटेल; परंतु घरांत मुंज अडलेली, लेकीचें लग्न ठरलेलें, वडिलांचें श्राद्ध तोंडावर आलेलें, अशा गृहस्थास तो हंसण्यासारखा नव्हता. त्याच्या हातून एक पेला घेतला गेला, आणि शिक्षा त्याच्या बायकामाणसांस भोगावी लागली.

अखेर इ. स. १८९२ मध्यें रानड्यांनींहि प्रायश्चित्त घेतलें. सुधारक मंडळींपैकीं कित्येकांस हें मुळींच रुचलें नाहीं, आणि त्यांनीं त्यांजवर कडक टीका केली. रमाबाई रानडे यांनीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या इ. स. १९१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत या प्रसंगाची हकीगत दिली आहे. स्वतःची सोय पाहण्यापेक्षां आपल्या मित्राच्या घरचा पेंच सुटावा हा विचार रानड्यांच्या मनांत होता, असें तीवरून दिसतें. रानडे चुकले कीं बरोबर होते, हा निवाडा मी देत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, ज्या समाजांत न्यायमूर्तीस पेलाभर चहासाठीं पंचगव्याची वाट धरावी लागली, त्या समाजांत इतरांची काय कथा?

कारण वरच्या वर्गाचें ग्रामण्य प्रायश्चित्तानें मिटत असे. ज्याच्या स्पर्शानेंच पाणी बाटतें असें ठरलें होतें त्यास कोणतें प्रायश्चित्त? पुढें शहरांत चहाचीं दुकानें निघालीं. इराणांतून आलेल्या लोकांनीं मुंबईच्या नाक्यानाक्यांवर हॉटेलें उघडलीं. पुण्यांत राजस्थानांतून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनीं 'अमृततुल्य' चालविलें. पितळी पातेल्यांत आलें-वेलदोडा ठेचून उकळलेला तो चहा आजहि पुणेकरांचा अभिमानविषय आहे. आगगाडीच्या स्टेशनांवर 'हिंदु चहा' आणि 'मुसलमान चहा' अशा आरोळ्या निरनिराळ्या उठत. आणि गांवोगांवच्या हॉटेलांत अस्पृश्यांसाठीं वेगळी कपबशी बाहेर वळचणीला ठेविलेली असे. चहा वरून ओतावयाचा, पैसे दुरून टाकावयाचे, आणि पिणाऱ्यानें आपला कप आपणच विसळून जागेवर ठेवावयाचा.

या बाबतींत कोल्हापूरच्या राजर्षि शाहू महाराजांनीं जें केलें तें प्रत्येक घरांत मुलांस सांगण्यासारखें आहे. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेंत नोकरीस होते. सवर्णांच्या पाण्यास शिवल्याच्या सबबीवर त्यांस बेदम मारहाण झाली. महाराज त्या वेळीं परगांवीं होते. परत आल्यावर त्यांनीं मारणाऱ्यांस शासन केलें, आणि गंगारामांस नोकरी सोडून स्वतंत्र धंदा करण्याचा सल्ला व मदत दिली. कांबळे यांनीं भर वस्तींत चहाचें हॉटेल काढलें आणि त्यास 'सत्यसुधारक' असें नांव दिलें. अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास गिऱ्हाईक कोठून येणार? तेव्हां महाराज आपला खडखडा त्या दुकानापुढें उभा करीत, चहा मागवून सर्वांसमक्ष पीत, आणि बरोबरच्या मंडळींसहि देववीत. छत्रपतींनीं घेतलेला पेला नाकारण्याची छाती कोणाची होणार? महाराज इ. स. १९२२ मध्यें वारले; त्यांच्या अखेरच्या वर्षांतील ही गोष्ट आहे. पांच हौदांत चहा घेऊन माणसें आरोपी झालीं होतीं. येथें राजानें मुद्दाम, दिवसाढवळ्या चहा घेऊन आरोप करणाऱ्यांचें तोंड बंद केलें.

मधल्या काळांत चहाचा प्रसार व्यापारी मार्गानेंहि झपाट्यानें झाला. इ. स. १९०३ मध्यें चहावरील कराचा कायदा झाला, आणि त्या पैशांतून जाहिराती सुरू झाल्या. चहा उकळूं नये, पानांवर आधणाचें पाणी ओतावें, दूध निराळें घालावें, असें हे प्रचारक शिकवीत. आपल्या लोकांनीं चहा घेतला, उपदेश मात्र घेतला नाहीं. दूध, साखर, आलें सर्व एकत्र करून उकळी आणिली. कॉफीचेंहि तसेंच झालें. इ. स. १९३६ मध्यें कॉफीच्या प्रचारासाठीं मुंबईस चर्चगेटजवळ इंडिया कॉफी हाउस निघालें. महात्मा गांधींस मात्र हीं दोन्हीं पेयें पसंत नव्हतीं. इ. स. १९४२ मध्यें पुण्याच्या आगाखान महालांत बंदिवासांत असतांना आरोग्यावर लिहावयास घेतलेल्या पुस्तकांत त्यांनीं चहा-कॉफीचे दोष सांगितले आहेत. देशानें त्यांचें पुष्कळ ऐकलें. हें एक ऐकलें नाहीं. आज या देशांत पिकणाऱ्या चहापैकीं सुमारें चार पंचमांश येथेंच खपतो.

२६ जानेवारी १९५० रोजीं भारताचें संविधान अमलांत आलें. त्याच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्या अनुच्छेदांत दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें यांत जातीवरून कोणास मज्जाव करतां येणार नाहीं असें स्पष्ट लिहिलें. इ. स. १९५५ मध्यें त्यासाठीं शिक्षेचा कायदा झाला. हॉटेलांतील वेगळ्या कपबशीचा प्रश्न अशा रीतीनें देशाच्या सर्वोच्च कायद्यापर्यंत जाऊन पोंचला.

श्रोतेहो, कायद्याचा अंमल हॉटेलाच्या दारापर्यंत चालतो. आपल्या स्वयंपाकघरांत तो डोकावत नाहीं. तेथें आपणच न्यायाधीश. आपल्यासारख्या सुशिक्षितांच्या कित्येक घरांत धुणें-भांडीं करणाऱ्या बाईंस चहा दिला जातो, आणि तो आपुलकीनें दिला जातो, यांत शंका नाहीं. पण तिचा कप कोणता? कान तुटलेला, किंवा खिडकीशीं वेगळा पालथा घालून ठेविलेला असा तो पुष्कळ ठिकाणीं असतो. विचारल्यास आपण स्वच्छतेचें कारण सांगतों. परंतु जी बाई आपल्या घरचे सगळे कप घांसते, तिच्याच ओठांनीं एक कप अस्वच्छ कसा होतो, याचें उत्तर आपणांस देतां येणार नाहीं.

आलें घालावें कीं वेलदोडा, साखर एक चमचा कीं दोन, बशी घ्यावी कीं कप, हें सर्व ज्यानें त्यानें आपल्या जिभेस विचारून ठरवावें. उद्यां सकाळीं चहा गाळतांना मात्र घरांतील सर्व कप एकाच ओळींत मांडावे, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.