गाण्यांचा प्लेअर घेताय? नवं काय आलंय, मराठी श्रोत्याला अजून काय हवंय

मोबाइल आला आणि खिशातला म्युझिक प्लेअर मागे पडला. ॲपलने मे २०२२ मध्ये आयपॉडचं शेवटचं मॉडेलही बंद केलं. तरीही सोनी, फिओ, हायबी यांसारख्या कंपन्या नवे प्लेअर काढतच आहेत. कारण साधं आहे: याला रेंज लागत नाही आणि मध्येच कुणाचा फोन येत नाही. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली कीर्तनं आणि नाट्यपदं ठेवायलाही तो बरा पडतो.

आजवरचा प्रवास

सोनीचा कॅसेटवाला वॉकमन १९७९ चा. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या एमपी३ प्लेअरमध्ये ३२ एमबी जागा होती, म्हणजे साधारण अर्ध्या तासाची गाणी. २००१ च्या आयपॉडने ती ५ जीबीवर नेली. आपल्याकडे २०१७ मध्ये सारेगामाचा 'कारवां' आला. त्यात ५,००० गाणी आधीच भरलेली होती आणि चालवायला सोपी बटणं होती.

नवं काय?

- जागा: १२८ केबीपीएसची एमपी३ गाणी ३२ जीबी कार्डावर ५०० तासांहून जास्त मावतात. ३२ जीबीच्या वरची कार्डं सहसा एक्सफॅट पद्धतीची असतात. जुने प्लेअर ती वाचतीलच असं नाही.
- आवाज: फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजातलं काही गळत नाही, पण ती एमपी३ पेक्षा बरीच मोठी असते. मूळ कॅसेटच खरखरत असेल, तर फ्लॅक केल्याने ती सुधारत नाही.
- ब्लूटूथ: एलडॅकसारख्या पद्धतीत जास्त तपशील पोचतो, मात्र प्लेअर आणि हेडफोन या दोन्हींत ती सोय हवी.

अजून काय हवं?

१. नीट देवनागरी. सगळ्यात मोठी अडचण इथेच. 'वि' लिहिताना संगणक आधी 'व' आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवतो. ती पडद्यावर 'व'च्या आधी दाखवणं हे प्लेअरचं काम. स्वस्त प्लेअरमध्ये ते होत नाही. वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात, नाहीतर नुसते चौकोन दिसतात. दुसरं म्हणजे, गाण्याची माहिती ठेवण्याच्या जुन्या आयडी३ पद्धतीत नावाला ३० बाइटचीच जागा असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे दहा चिन्हांत नाव संपलं! काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हंही त्यातच धरायची.

२. थांबलं तिथून पुढे. तीन मिनिटांच्या गाण्याला याची गरज नाही. दोन तासांच्या कीर्तनाला आहे. दर फाइलची खूण वेगळी लक्षात राहायला हवी.

३. मध्ये खंड नको. एमपी३ फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. एकच मैफल तुकड्यांत कापली, की तान मध्येच तुटते. 'गॅपलेस' सोय असेल तर हे टळतं.

४. बोलका मेनू. २००९ च्या आयपॉड शफलला पडदाच नव्हता, तो गाण्याचं नाव बोलून सांगायचा. काही प्लेअरवर टाकता येणाऱ्या 'रॉकबॉक्स' या मोफत प्रणालीतही अशी सोय आहे. नजर कमी झालेल्या आजी-आजोबांसाठी ही सोय मराठीतून मिळायला हवी.

५. मीडियम वेव्ह. प्लेअरमध्ये रेडिओ असलाच तर सहसा फक्त एफएम. एफएम फार लांब जात नाही, मीडियम वेव्ह जाते. सीमेपलीकडचं मराठी केंद्र ऐकणाऱ्याला ही उणीव जाणवते.

दुकानात काय तपासाल?

मेमरी कार्डात 'विठ्ठल', 'कीर्तन' आणि 'दऱ्या' अशा नावांच्या तीन फाइली घेऊन जा. वेलांटी, रफार आणि 'ऱ्य' नीट दिसले तर निम्मं काम झालं. मेनूत मराठी नसेल पण हिंदी असेल, तर अक्षरं दिसण्याची शक्यता वाढते. 'ळ' मात्र जरूर पाहा. मग एखादी लांब फाइल मध्येच थांबवा, प्लेअर बंद करून पुन्हा चालू करा. तिथूनच सुरू झाली तर ठीक.

आणि घरी आल्यावर एक करा: फाइलींच्या नावाआधी क्रमांक घाला. बरेच स्वस्त प्लेअर फाइली ज्या क्रमाने कॉपी केल्या त्याच क्रमाने वाजवतात, म्हणून कॉपीही त्याच क्रमाने करा. नाहीतर भैरवी आधी आणि नांदी शेवटी!