हाडाने सांगितलेली गोष्ट

आमच्या गटातल्या एका ताई सोयाबीनच्या काढणीत बांधावरून पडल्या. हळदीचा लेप लावला, फडकं गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विळा हातात घेतला. हाड जुळलं, पण वाकडं. आज त्यांच्या मनगटावर हात फिरवला की गाठ लागते. अशाच गाठींची एक फार जुनी गोष्ट आज सांगतो.

१९९० सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात सू हेन्ड्रिक्सन नावाची बाई जुनी हाडं शोधणाऱ्या पथकात होती. गाडीचं चाक पंक्चर झालं. बाकीचे ते दुरुस्त करून आणायला गेले, आणि ही पायीच जवळच्या कड्याकडे निघाली. पायथ्याशी हाडांचे तुकडे पडलेले, वर कड्यातून मणके डोकावत होते. तो होता टायरॅनोसॉरस रेक्स, चाळीस फूट लांबीचा मांस खाणारा डायनासोर, सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. शोधणारीच्या नावावरून त्यालाही ‘सू’ म्हणू लागले. पुढे मालकीवरून कोर्टकचेरी झाली. १९९७ साली लिलावात शिकागोच्या फील्ड म्युझियमने ही हाडं ८३ लाख डॉलरहून जास्त किमतीला घेतली.

अभ्यासकांनी हाडं साफ करून पाहिली. उजव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडून पुन्हा जुळलेल्या. उजव्या खांद्याला मार. डाव्या पोटरीतलं एक हाड आजाराने सुजून जाड झालेलं. मेल्यानंतर मोडलेलं हाड जुळत नाही. गाठ दिसली, म्हणजे मार लागल्यावरही ते जनावर जगलं, हे नक्की. झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं हाडातही असतात. ती मोजून कळलं, की सू तिशीच्या आसपास मेली.

सूची खरी कवटी अडीचशे किलोहून जड. म्हणून सांगाड्यावर हलकी नक्कल बसवली आणि खरी वेगळी ठेवली. हाडाचा साचा घेतला की वरची गाठही नकलेत उतरते. अशा नकला शाळा घेतात, हौशी लोकही घेतात. नक्कल आहे हे सांगून विकली, तर त्यात काही खोटं नाही. पण आतली वलयं नकलेत नसतात. त्यासाठी खरं हाड सगळ्यांना अभ्यासता येईल अशा जागीच हवं.

सूला दुखतंय हे सांगायला तोंड नव्हतं. आपल्याला आहे. पडल्यावर सूज उतरली नाही, हात उचलेना, तर काढणी दोन दिवस थांबू द्या आणि दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा. घरचे ‘होईल बरं’ म्हणाले, तर गटातली एक जण सोबत जा. आमच्या ताईंसोबत तेव्हा कुणी गेलं नाही, आम्हीसुद्धा नाही. ती चूक पुन्हा नको.