डोलकाठी किती उंच असावी?

1896 च्या जानेवारीत जोशुआ स्लोकमने ब्युनोस आयरेस बंदरात ‘स्प्रे’ची डोलकाठी उतरवली आणि ती चक्क सात फुटांनी कापली. होडीच्या नाळेपुढे झेपावणारा वासाही पाचेक फुटांनी आखूड केला. मोडकळीला आलेली ही जुनी होडी त्याने तेरा महिने खपून स्वतः नव्याने बांधली होती. लांबी 36 फूट 9 इंच. तिच्यातून तो एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. मग शिडाची ताकद त्याने आपण होऊन का घटवली?

कारण पुढे मॅगेलनची सामुद्रधुनी होती. तिथे डोंगरावरून अचानक कोसळणारा वारा शीड आवरायला उसंत देत नाही, आणि आवरणारे हात दोनच. डोलकाठी जितकी उंच तितका वाऱ्याचा रेटा उंचावर लागतो आणि होडी अधिक कलते. मंद वाऱ्यात उंच शीड वेग देते, म्हणून शर्यतीच्या होड्यांच्या डोलकाठ्या उंच होत गेल्या. लांब पल्ल्याच्या दर्यावर्दीला मात्र रात्री अंधारात, ओल्या डेकवर, एकट्याने उतरवता येईल एवढेच शीड परवडते. स्लोकमने नंतर मागच्या बाजूला एक छोटी डोलकाठीही उभारली. 27 जून 1898 रोजी तो न्यूपोर्टला पोहोचला. एकट्याने जगाला वळसा घालणारा तो पहिला माणूस.

शीड दोन डोलकाठ्यांवर वाटून घेण्याची हीच रीत मुंबईत बांधलेल्या एका होडीत दिसते. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहैली’ 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात इथे सागवानात घडली. आराखडा अमेरिकेच्या विल्यम अ‍ॅटकिनचा, आणि त्यामागे नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचाव-होड्यांची परंपरा. होडी जेमतेम 32 फुटांची, बांधा दणकट, रुंदी 11 फुटांवर. डोलकाठ्या दोन: पुढची मोठी, मागची लहान. या रचनेला केच म्हणतात. साडेसहाशे चौरस फुटांच्या आसपासचे कापड चार शिडांत विभागले, की एकेक शीड एका माणसाच्या आवाक्यात राहते.

या वाटणीचा आणखी एक गुण 1968 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने, न थांबता जगाला वळसा घालण्याच्या शर्यतीत कळला. ऑस्ट्रेलियाच्या आसपास ‘सुहैली’चे आपोआप दिशा राखणारे यंत्र निकामी झाले. मागचे शीड नाळ वाऱ्याकडे वळवते, पुढचे तिला वाऱ्यापासून दूर ढकलते. नॉक्स-जॉन्स्टनने दोन्हींचा तोल जमवला, सुकाणू बांधून ठेवले आणि होडी आपली वाट धरून चालू लागली. सरासरी वेग सुमारे 4 नॉट! तरीही निघालेल्या नऊ जणांपैकी तो एकटाच, 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी फालमथला परतला. मुंबईच्या सुतारांचे काम या प्रवासात पुरेपूर कसाला लागले आणि टिकले. त्यांची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही, हे खटकते.

पन्नास वर्षांनी तीच शर्यत पुन्हा झाली. तिच्यासाठी गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘सुहैली’ची प्रतिकृती बांधली गेली, ‘तुरिया’. तिच्यावर नौदलाचे अभिलाष टॉमी होते. 21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ‘तुरिया’ उलथली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. त्याच वादळात दुसरा स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन याच्या केचच्याही दोन्ही डोलकाठ्या गेल्या. तेव्हा दोन डोलकाठ्या म्हणजे अभय नव्हे.

शर्यत जिंकली ती त्र्याहत्तरीच्या ज्याँ-लुक व्हॅन डेन हीड यांनी. त्यांच्या 36 फुटी ‘मातम्यू’ला डोलकाठी एकच होती, आणि निघण्यापूर्वीच त्यांनी ती दीड मीटरने आखूड करून घेतली होती. नोव्हेंबरमध्ये प्रशांत महासागरात त्यांची होडीही उलथली, डोलकाठीचे आधार ढिले पडले. पण काठी उभी राहिली. त्यांनी वर चढून समुद्रातच ती दुरुस्त केली. टॉमी 2022 च्या शर्यतीत पुन्हा उतरले ते ‘मातम्यू’च्याच बांधणीची, एका डोलकाठीची होडी घेऊन, आणि 29 एप्रिल 2023 रोजी दुसरे आले.