वहीतलं गाव

गटाची बैठक संपली की इतिवृत्ताची वही कुणाच्या तरी ट्रंकेत जाते. आज अशाच वह्यांची, पण सातासमुद्रापलीकडची गोष्ट सांगतो.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात वेंटवर्थ काउंटी होती. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. तिथल्या स्टोनी क्रीक गावात १९ फेब्रुवारी १८९७ ला १०१ बायका जमल्या. पुरुष एकच, अर्लंड ली नावाचे शेतकरी. शेतकऱ्यांची संस्था आहे, तशी बायकांचीही हवी, असं ॲडलेड हूडलेस यांनी सुचवलं होतं. त्यांचं तान्हं बाळ खराब दुधानं दगावलं, असं सांगतात. त्या दिवशी 'विमेन्स इन्स्टिट्यूट' सुरू झालं. त्याची घटना हातानं लिहून काढली अर्लंड यांच्या पत्नी जॅनेट ली यांनी. त्यांचं घर आता संग्रहालय आहे.

मग गावोगाव शाखा निघाल्या, बैठका झाल्या, वह्या भरल्या. १९४० च्या दशकात या बायकांनी आणखी एक काम अंगावर घेतलं: आपापल्या गावाचा इतिहास लिहायचा. गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ट्वीड्सम्यूर यांची ती कल्पना, म्हणून त्या ग्रंथांना त्यांचंच नाव. कुठलं शेत आधी कुणाचं, शाळा कधी बांधली, लढाईवर कोण गेलं, सगळं त्यात आहे. वर्तमानपत्राची कात्रणं, फोटो चिकटवलेले. वही सांभाळायला शाखेतलीच एक बाई नेमायची. इतिहासाची पदवी बहुतेकींकडे नव्हती, पण आज घराण्याचा माग काढणारे लोक दफ्तरखान्यात येऊन हेच ग्रंथ मागतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. त्या काळच्या नोंदींत बाईपुढे 'मिसेस' आणि नवऱ्याचं नाव असायचं. नात आजीला शोधायला जाते, तिला आजोबा सापडतात! हसू नका. 'पाटलांच्या सूनबाई हजर' असं आपल्याकडच्या वहीतही आम्ही वाचलंय.

आमच्या गटाची पहिली वही वाळवीनं खाल्ली. पहिल्या अध्यक्ष कोण, यावर अजून दोन मतं आहेत, आणि दोघीही जणी हटत नाहीत. दुसरी वही पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलीय. गेल्या बैठकीत तिच्या मागच्या पानांवर प्रत्येकीनं स्वतःचं नाव आणि माहेरचं गाव लिहिलं. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगितलं, आम्ही उतरवून घेतलं. सगळ्यांत थोरल्या आजींना माहेरचं नाव आठवायला जरा वेळ लागला.