दुसऱ्यापुरता श्वास

जवळा बाजारापासून समुद्र फार दूर. तरी श्वासाचा हिशेब तेथें विहिरीच्या कांठींही कळतो. पडीक विहिरींत गाळ काढावयास उतरलेला मनुष्य कोंडलेल्या वायूनें बेशुद्ध पडला, कीं वरचा सोबती धीर न धरतां त्याच्यामागें उतरतो. आणि पुष्कळदां एकाऐवजीं दोन प्रेतें वर काढावीं लागतात. सोबत्याची माया खरी असते. पण त्याच्यापाशीं स्वतःपुरतीही शुद्ध हवा नसते. पाणबुड्यांच्या विद्येनें ही उणीव फार उशिरां ओळखली.

१८३७ च्या सुमारास ऑगस्टस सीबे यानें शिरस्त्राणाचा बंद पोशाख सिद्ध केला, तेव्हां पाणबुड्याचा श्वास वरच्या पंपवाल्याच्या हातीं होता. १९४३ मध्यें कूस्तो व गान्यां या फ्रेंच गृहस्थांनीं दाबलेल्या हवेची टाकी व श्वासागणिक हवा सोडणारी झडप यांची जोड घातली, आणि मनुष्य नळीपासून मुक्त झाला. मात्र त्याबरोबर वरचा रखवालदारही सुटला! सोबती आतां पाण्यांतच शोधावा लागला.

आरंभीं टाकीच्या झडपेंत स्प्रिंग बसवून थोडी हवा राखून ठेवीत. श्वास जड झाला कीं कळ ओढावयाची. पण ती नकळत आधींच ओढली गेली असली, तर राखीव हवा केव्हांच संपलेली असे. मग एकाच मुखनळींतून दोघांनीं आळीपाळीनें श्वास घेणें, एवढाच उपाय उरे. आणि घाबरलेल्याच्या हातून मुखनळी सहसा सुटत नसे. पुढें दाबमापक आला, व सोबत्यासाठीं दुसरी मुखनळीही आली.

परंतु टाकींतच हवा नसेल, तर दुसरी मुखनळी काय कामाची? दहा मीटर खालीं हवा दुप्पट, तीस मीटर खालीं चौपट खर्च होते. भीतीनें त्याहूनही अधिक. म्हणून फ्लॉरिडांतील जलमय गुहांत उतरणाऱ्यांनीं हवेचे तीन वांटे केले: एक जाण्याचा, एक येण्याचा, आणि तिसरा न वापरावयाचा. शेवटच्या टोकाशीं सोबत्याची हवा गेली, तर तोच तिसरा वांटा त्याचा परतीचा श्वास होय. शेक एक्स्ली याच्या १९७९ च्या पुस्तकानें हा हिशेब शिकाऊ लोकांपर्यंत पोंचविला.

आज मालवणच्या समुद्रांत आपलीं मुलें प्रथमच उतरतात, तीं शिक्षकाच्या भरंवशावर. तो धीट आहे काय, हें आईबाप विचारतात. त्याच्या टाकींत दोघांपुरती हवा व अंगावर दुसरी मुखनळी आहे काय, हेंही विचारावें.