मुख्यमंत्री सोडून

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील गहुली हे वसंतराव नाईक यांचे गाव. 1963 ते 1975 अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे नाव निघाले की हरितक्रांती आणि 1972 चा दुष्काळ आठवतो. त्यांच्याच सरकारने आणलेला लोकायुक्त कायदा मात्र त्या मानाने कमी आठवला जातो.

मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने 1966 मध्ये केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली होती. केंद्राचा कायदा व्हायला 2013 साल उजाडले. महाराष्ट्राने 1971 मध्येच कायदा केला आणि 1972 मध्ये लोकायुक्त प्रत्यक्ष नेमलाही. या बाबतीत आपले राज्य देशात पहिले.

पण कायद्यात एक खोच होती. ‘मंत्री’ या शब्दाच्या व्याख्येतून मुख्यमंत्री वगळलेले होते. मंत्र्याविरुद्धचा अहवालही जायचा तो मुख्यमंत्र्यांकडेच. लोकायुक्ताने शिफारस करायची, अंमलबजावणी सरकारने करायची. समाधान झाले नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल द्यायचा, तो विधिमंडळापुढे ठेवायचा. शिक्षा करण्याचा अधिकार लोकायुक्ताला नव्हता.

या पळवाटेची किंमत दहा वर्षांनी कळली. 1980 मध्ये बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री झाले. कोकणातला मराठी मुसलमान राज्याच्या सर्वोच्च पदावर बसला, याचा आपल्या समाजाला अभिमान वाटणे स्वाभाविक होते. त्या काळी सिमेंट नियंत्रणाखाली होते, ते कोट्यावर मिळे. बिल्डरांना वाढीव सिमेंट देऊन त्या बदल्यात मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला देणग्या घेतल्या, असा आरोप झाला. राज्यात लोकायुक्त होता, पण मुख्यमंत्र्यांची चौकशी त्याच्या कक्षेत नव्हती. म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी 1982 मध्ये न्या. लेंटिन यांनी सिमेंट आणि देणग्या यांचा संबंध मान्य केला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला.

पुढचा फौजदारी खटला कित्येक वर्षे मूळ आरोपापेक्षा कायद्याच्या प्रश्नांतच अडकला. खटल्याला राज्यपालांची मंजुरी हवी का? आमदार ‘लोकसेवक’ आहे का? 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पद सोडल्यावर त्या पदासाठीची मंजुरी लागत नाही आणि आमदार हा भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही. 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आधीचा आदेशच रद्द केला.

यात कुणाचे भले झाले? जनतेला वेळेत उत्तर मिळाले नाही, आरोपीलाही वेळेत निकाल मिळाला नाही. चौकशीचा ठरलेला, सर्वांना सारखा मार्ग नसला की कुणाची चौकशी व्हायची हे राजकारण ठरवते. ज्या समाजाचे सत्तेत मोजकेच प्रतिनिधी असतात, त्याला याची झळ दुहेरी बसते. आपल्या माणसावरचा आरोप खरा की सूडाचा, हे त्याला कधीच नीट कळत नाही. बाहेरचे मात्र तो डाग सगळ्या समाजावर लावून मोकळे होतात. म्हणून कडक आणि स्वतंत्र कायदा ही अल्पसंख्याकांचीही गरज आहे.

डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेने नवे लोकायुक्त विधेयक मंजूर केले. त्यात प्रथमच मुख्यमंत्री कक्षेत आले. मात्र त्यांची चौकशी सुरू करण्याआधी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती हवी. सभागृह 288 जणांचे, म्हणजे 192 आमदार हवेत. मुख्यमंत्री होतो तोच मुळी बहुमताच्या बळावर. मग त्याच्याविरुद्ध 192 हात वर कसे होणार?

1971 मध्ये दार बंद होते. आता दार आहे, पण किल्ली घरमालकाच्याच खिशात आहे. पुसदच्या तलाठ्याची चौकशी करायला सभागृहाचे मतदान लागत नाही. मुख्यमंत्र्याच्या चौकशीची परवानगीही आमदारांच्या हातून काढून लोकायुक्ताकडेच दिली, तरच पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्राने घेतलेला पुढाकार पूर्ण होईल.